मांजर आडवं आलं तर

डोंगरातल्या वोनोसोबो गावाच्या बस स्टँडवर पाक सुबाग्योंचं, म्हणजे सुबाग्योरावांचं, नाव काढलं की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळायच्या. पहिली, त्यांच्या बसमध्ये मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन खुशाल झोपावं. दुसरी, हा माणूस गावभरच्या पोरांना जपून गाडी चालवायला शिकवतो आणि त्याची स्वतःची मुलगी मात्र पायी हिंडते. पहिली गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. दुसरी सांगताना माणसं चहाचा ग्लास खाली ठेवून एकमेकांकडे बघायची.

आयुष्यभर त्यांनी सेमारांगची बस चालवली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बस सोडली आणि आता बागेतल्या मिरच्यांना पाणी घालत बसू म्हणाले. पण गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना गाठून एक नवाच उद्योग गळ्यात मारला. गिअर, क्लच, गाडी मागे घेणं हे दुसरे मास्तर शिकवायचे. सुबाग्योंकडे यायची ती लायसन मिळालेली पोरं. लायसन मिळालेल्याला पुन्हा शाळेत बसवायचं, हाच मुळी गावाला मोठा विनोद वाटला.

बटाट्याच्या जुन्या बाजाराचं मैदान रिकामं पडलं होतं, तिथे हा वर्ग भरायचा. सुबाग्यो प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे, डोक्याला मफलर, हातात आल्याचा काढा. "रस्त्यावर तू बरोबर असशील," ते म्हणायचे. "बरोबर असलेली बरीच माणसं तिकडे कबरस्तानात झोपली आहेत, जाऊन विचार. समोरचा चुकणार आहे, एवढं धरून चाल. कसा चुकेल, ते शोधत जा." मग विचारायचे, रस्त्याकडेला तंबाखू वाळत घातलाय आणि वर ढग आलेत, तर काय होणार? पोरं म्हणायची, पाऊस येणार. "गाढवांनो, तंबाखू उचलायला बाया धावत रस्त्यावर येणार! ढग बघितला की पाय ब्रेकवर गेला पाहिजे."

गावात दोन तट होते. भाजीचे व्यापारी म्हणायचे, सुबाग्योंकडून आलेल्या पोराच्या हातात गाडी दिली की निदान आरसे जागेवर राहतात. बाकीचे म्हणायचे, पोरं आधी भीत तरी होती; आता अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन धुक्यातही ओव्हरटेक करतात. खरं सांगायचं तर दोघांचंही खोटं नव्हतं. सुबाग्यो दोन्ही ऐकून घ्यायचे आणि काढा प्यायचे. पण मुलीचा विषय निघाला की त्यांना घरी काहीतरी काम आठवायचं.

मुलीचं नाव वेनिंग. वय एकोणीस, लायसन कपाटात, आणि नोकरी पपईचा मुरंबा बाटल्यांत भरण्याच्या कारखान्यात. तिथे दिवसभर बसून तिचा जीव विटला होता. तिला रस्ता हवा होता. डिएंगच्या पठारावरून कोबी आणि बटाटे खाली बाजारात आणायची ती वळणावळणाची वाट तिला लहानपणापासून तोंडपाठ होती, बापाच्या शेजारी बसून केलेली.

"बू रोमलाहने आज पुन्हा विचारलं," जेवताना ती म्हणाली. बू रोमलाह, म्हणजे रोमलाहबाई, ही कोबीची मोठी व्यापारी. "पिकअप दारात उभी आहे. ड्रायव्हर लग्न करून जकार्ताला गेला. म्हणाली, तुझ्या बापाने हो म्हटलं की ये. नाहीतर मी दुसरा बघते, माझा कोबी काही तुझ्या बापाची वाट बघत थांबणार नाही."

"बघू," सुबाग्यो म्हणाले आणि मक्याच्या भातात बोटं फिरवत राहिले.

"काय बघू, बापाक? कोर्स मी दोनदा केला. दुसऱ्यांदा तर तुमच्या आधी मीच पोरांना उत्तरं सांगत होते."

"तेच तर."

"तेच तर म्हणजे काय?"

सुबाग्योंनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तेव्हा त्यांची बायको बू मुर्नी हिने भाताचं भांडं धाडकन खाली ठेवलं. तिला अर्धवट बोलणं कधीच सोसलं नाही. "अहो, एक काय ते सांगून टाका. तुमचा कोर्स चांगला असेल तर पोरीला गाडी चालवू द्या. आणि वाईट असेल तर लोकांच्या पोरांना तरी कशाला फसवता?"

याला उत्तर होतं, पण ते सुबाग्योंना जेवताना सांगवेना. उत्तराचं नाव होतं रागिल.

रागिल हा त्यांचा आतापर्यंतचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. नजर लांब, पाय हलका, डोक्यात हवा नाही. सुबाग्यो त्याचं उदाहरण इतरांना द्यायचे. हाच रागिल काही दिवसांपूर्वी केजाजारच्या उतारावर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर गाडीसकट नाल्यात गेला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. सुबाग्यो संत्री घेऊन दवाखान्यात गेले, तर पोराने मान फिरवली.

"पाक गुरू, रागावू नका," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "वर्गातलं ते खोकं आलं असतं ना, तर मी सरळ ब्रेक मारला असता. तुम्ही शिकवलं तसाच. पण मांजर आलं."

सुबाग्योंनी संत्र्यांची पिशवी हळूच खाली ठेवली. पुढे काही विचारायची गरजच नव्हती. आमच्याकडे स्टिअरिंगला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाला हे आईच्या दुधाबरोबर मिळतं: गाडीखाली मांजर मेलं तर रस्ता त्याची भरपाई ड्रायव्हरच्या घरातून करून घेतो. उतरायचं, अंगातला शर्ट काढायचा, मांजर त्यात गुंडाळून पुरायचं. एवढं केलं तरी बरेच दिवस मनात धाकधूक राहते ती राहतेच. म्हणून मांजर दिसलं की हात आपोआप वळतात. कोंबडीला वळत नाहीत, कुत्र्याला क्वचित वळतात, मांजराला हमखास. सुबाग्योंच्या वर्गात याबद्दल अक्षर नव्हतं. दोरीने ओढलेलं पुठ्ठ्याचं खोकं गाडीपुढे यायचं आणि पोरं सरळ रेषेत थांबायची, शाबासकी घ्यायची.

आता आपल्या पोरीला त्या उतारावर सोडायची आणि मांजर आडवं आलं तर? या विचाराने त्यांनी ताट बाजूला सारलं.

शेवटी त्यांनी बायकोकडे जुनी भगवी चादर मागितली. चादर फाडून त्यात भाताचा भुसा भरला, कान शिवले, शेपूट लावली. बू मुर्नी दारातून बघत होती. "गुडघे गेले, आता डोकंही चाललं वाटतं. बाहुल्या करताय?"

"बाहुली नाही, मांजर आहे."

"अगं बाई! मला वाटलं भोपळा."

भोपळा तर भोपळा. मैदानावर गाडीच्या वाटेच्या डाव्या बाजूला एक बुजगावणं उभं होतं, रस्त्याकडेच्या माणसाच्या जागी म्हणून. पोरांनी त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं. त्या दिवशी सुबाग्योंनी आधी नेहमीचं खोकं ओढलं. सगळे झकास थांबले. मग कोणाला काही न सांगता दोरीला मांजर बांधलं.

पहिला पोरगा थेट सासूबाईंच्या अंगावर गेला. दुसरा उजवीकडे वळला, जिथे खऱ्या रस्त्यावर समोरून ट्रक आला असता. तिसऱ्याने तर आधी "अस्तगफिरुल्लाह" म्हणून डोळेच मिटले. मैदानात हशा पिकला. बापाबरोबर आलेली वेनिंग शेवटी गाडीत बसली. तोवर मांजर येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने सासूबाईंना पार भिंतीपर्यंत ढकलत नेलं.

ती बराच वेळ गाडीतून उतरलीच नाही. "मला माहीत होतं, बापाक," ती म्हणाली. "येणार हे माहीत होतं. मी स्वतःला बजावत होते, सरळ, सरळ. तरी हात गेले."

सुबाग्यो काहीतरी समजुतीचं बोलायला पुढे झाले, तर ती दार उघडून खाली उतरली. चेहरा लालबुंद. "आता तुम्ही बसा. दोरी मी ओढते."

"मी कशाला?"

"का? मांजर फक्त माझ्यासाठीच अपशकुनी आहे?"

पोरांना हेच हवं होतं. सासूबाईंना पुन्हा उभं केलं, पदर सारखा केला. सुबाग्यो बसले, आरसा नीट केला, पाठ ताठ केली. एवढ्या वर्षांच्या बसच्या प्रवासात ज्यांनी प्रवाशाच्या हातातला चहा सांडू दिला नाही, ते सुबाग्यो. गाडी आली, वेनिंगने दोरीला हिसका दिला, भगवा भोपळा टुणकन पुढे आला, आणि पाक गुरूंनी सासूबाईंना आडवं केलं.

यावेळी कोणी हसलं नाही. सुबाग्यो उतरले, बुजगावण्याचा मोडलेला बांबू उचलला आणि हातात धरून नुसते उभे राहिले. आपण शिकवतो ते आपल्याच हातांना पटलेलं नाही, हे असं चारचौघांत कळणं काही सोपं नसतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. त्यांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण वेनिंग त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत आता राग उरला नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशिदीच्या मोदिनांकडे गेले. मोदिन म्हणजे गावातल्या लग्न-मयतीचे सगळे विधी पार पाडणारे. ते आपल्या तळ्यातल्या माशांना पानं टाकत होते.

"धर्मात असलं काही नाही, सुबाग्यो," मोदिन म्हणाले. "मुकं जनावर नीट पुरावं, हे चांगलंच. बाकी ते शर्टाचं आणि घरातल्या माणसाचं तुम्हा ड्रायव्हर लोकांनी काढलेलं खूळ आहे. सांग पोरांना, मी सांगितलंय म्हणून."

"सांगतो. पण तुम्ही स्कूटरवरून जाताना मांजर आलं तर काय करता?"

मोदिनांनी आणखी थोडी पानं टाकली. "मी सावकाशच चालवतो."

"पाक मोदिन."

"वळवतो, बाबा, वळवतो! आता सकाळी सकाळी माझ्या तोंडून आणखी काय वदवून घ्यायचंय तुला?"

सुबाग्यो घरी आले ते पायीच, लांबच्या वाटेने. खूळ आहे म्हटल्याने खूळ जात नाही, हे त्यांना मोदिनांनीच सिद्ध करून दिलं होतं. भीती काही समजावून उतरत नाही. ओझं असतं ते. डोक्यावरचं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जावं लागतं. मग ते कोणाच्या डोक्यावर जाणार, हा प्रश्न फार वेळ विचार करण्यासारखा नव्हता.

पुढच्या वर्गाला ते स्टुलावर बसले नाहीत, उभे राहिले. "ऐका रे. आजपासून तुमच्या गाडीखाली येणारं प्रत्येक मांजर माझं. तुम्ही फक्त सरळ ब्रेक दाबायचा. वाचलं तर त्याचं नशीब. नाही वाचलं तर मला फोन करा. कुठेही असा, मी येईन. माझ्या शर्टात गुंडाळीन, माझ्या हाताने पुरीन, आणि काय यायचं ते माझ्यावर येईल."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने हात वर केला. "पण पाक गुरू, शर्ट ड्रायव्हरचाच लागतो म्हणतात."

"तुझ्या पायाला ब्रेक दाबायला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग ड्रायव्हर कोण?"

पोरगा डोकं खाजवत खाली बसला. हा कायदा सुबाग्योंनी उभ्या उभ्या बनवला होता, पण तो असा ठासून सांगितला की कोणाला खोडता येईना. त्या दिवसापासून भगवं मांजर इतक्या वेळा ओढलं गेलं की त्याचे दोन्ही कान गेले. हात लगेच ऐकत नव्हते. काहींचे ऐकलेच नाहीत, त्यांना सुबाग्यो तोंडावर सांगायचे, "तुला अजून रस्ता नको." पण बाकीच्यांच्या कोपरांतला तो झटका हळूहळू कमी झाला. वेनिंग तर एक दिवस सरळ रेषेत मांजराच्या अंगावरून गेली आणि थांबल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तोवर बू रोमलाह उसन्या ड्रायव्हरवर कसंबसं भागवत होती; त्या दिवशी सुबाग्यो तिच्या दारात जाऊन हो म्हणून आले.

मांजरं स्वतःवर घेतल्याची बातमी बू मुर्नीला बाजारात कळली, म्हणजे सगळ्यात शेवटी. ती घरी येऊन त्यांच्यासमोर पिशवी आपटून उभी राहिली. "गावभरची पनवती स्वतःच्या अंगावर ओढून घेतलीत? मला एका शब्दाने विचारलंत? रस्ता घरातलं माणूस घेतो म्हणतात. घरात तुमच्याशिवाय मी आहे, पोर आहे. आम्ही काय मैदानावरचं बुजगावणं?"

"पोरीसाठीच केलं, मुर्नी."

"ते कळतंय मला. म्हणून तर रडतेय." आणि ती खरोखरच रडली. मग काही दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मांजरं पुरायला जाताना घालता येतील असे त्यांचे जुने शर्ट मात्र धुऊन घडी करून ठेवले.

फोन येत गेले. एकदा गारुंगला जाऊन बघतात तो मांजर झाडावर बसलेलं आणि पोरगा झाडाखाली माफी मागत उभा. सुबाग्यो शर्ट अंगात ठेवूनच परत आले. एकदा खरंच पुरावं लागलं. घरी आल्यावर बू मुर्नीने त्यांच्या अंगावरून पाण्याचे तांबे ओतले आणि रात्रीपर्यंत त्यांच्या खोकल्याकडे कान लावून बसली. काही झालं नाही. वेनिंग रोज कोबी घेऊन खाली यायची आणि बाप रोज काहीतरी निमित्ताने दारात उभा असायचा.

मग एका सकाळी, डिएंगकडून धुकं उतरत असताना, तिचा फोन आला. "बापाक," ती म्हणाली आणि पुढे बोलेना. मागे कोणीतरी बाई मोठमोठ्याने बोलत होती.

"मांजर?"

"हो."

"तू?"

"मी ठीक आहे."

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघाले. वाटेत त्यांना एकच गोष्ट समजत होती, की फोनवर आवाज पोरीचाच होता. केजाजारच्या अलीकडच्या वळणावर पिकअप उभी दिसली, कोबीच्या जाळ्या जागच्या जागी. वेनिंग टायरजवळ उकिडवी बसली होती. रस्त्यावर काळं-पांढरं लहानसं मांजर पडलं होतं.

सुबाग्योंनी जॅकेट काढलं, मग शर्ट काढला. तिथल्या थंडीत त्यांच्या छातीच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. मांजराला गुंडाळताना ते हळू आवाजात म्हणाले, "तू नाही मारलंस, न्दुक, माझ्या पोरी. मी मारलं. ऐकलंस?" वेनिंगने मान हलवली. ती रडत नव्हती, फक्त हात काखेत दाबून बसली होती.

शेजाऱ्याने रस्त्याकडेला कोयत्याने खड्डा खणला. मांजर पुरून झाल्यावर सुबाग्यो सवयीने मागे वळून रस्ता बघायला गेले. टायरच्या दोन काळ्या रेघा होत्या, पट्टी धरून ओढाव्यात तशा सरळ. उजवीकडे दरी. डावीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळणाऱ्या बाईची टपरी. कढई, पिठाचं पातेलं, आणि मागे बांबूला टांगलेल्या लुंगीच्या झोळीत झोपलेलं तान्हं मूल. सुबाग्यो तिथेच थांबले. त्यांनी नजरेनेच मोजलं, वळवलं असतं तर गाडी कुठे गेली असती.

"तुम्ही बाप का हिचे?" टपरीवाली केव्हापासून कोणाची तरी वाटच बघत होती. "बरं झालं आलात. बघा काय केलं पोरीने! मुकं जनावर, रोज माझ्याकडे यायचं बिचारं. अहो, समोर दिसत होतं तिला! थोडी इकडे वळवली असती गाडी तर काय बिघडलं असतं? एवढी जागा आहे इथे!" आणि तिने हात पसरून दाखवलेली जागा म्हणजे ती स्वतः उभी होती तीच.

वेनिंगने बापाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, पण सुबाग्योंनी हलकेच मान हलवून तिला थांबवलं.

"चुकलं, बू," ते म्हणाले. "पोरीला मीच तसं शिकवलंय."

"कसले शिकवता तुम्ही लोक! हल्ली कोर्स का काय करतात म्हणे. माणुसकी नाही शिकवत तिथे?" बोलता बोलता तिचं लक्ष त्यांच्या उघड्या छातीकडे गेलं. "आणि हे काय? मराल थंडीने. घाला ते जॅकेट. हे घ्या, गरम आहे." तिने केळीच्या पानावर पिठात घोळून तळलेले तुकडे त्यांच्या हातात कोंबले, वर एक हिरवी मिरची ठेवली. एक पान वेनिंगलाही दिलं, जरा आपटूनच.

सुबाग्यो पान हातात धरून झोळीकडे बघत होते. झोळीतलं मूल कुशीवर वळलं आणि एक इवलीशी मूठ बाहेर आली. "मुलगी का?" त्यांनी विचारलं.

"हो. बारशाला बोकड कापला होता यांनी, ऐपत नसताना."

"नाव काय ठेवलंत?"

"किनासिह," बाई म्हणाली, आणि तेवढ्या एका शब्दापुरता तिचा आवाज मऊ झाला. किनासिह म्हणजे लाडकी, जिच्यावर सगळ्यांचा जीव आहे अशी.

नाव ऐकलं आणि तोवर दगडासारखी उभी असलेली वेनिंग एकदम रडायला लागली. पान हातातून पडलं. ती तोंड झाकून, खांदे हलवत, लहान पोरीसारखी रडत राहिली, आणि सुबाग्योंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टपरीवालीला वाटलं, मांजरासाठीच रडतेय. तिचाही राग निवळला.

"रड, रड," कढईतले तुकडे उलटत ती म्हणाली. "निदान पुढच्या वेळी तरी वळवशील."